गुलाबी पाण्याचा इतिहास : फिरत्या घराचे नळ आणि हिवाळा

१/ गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. दादा आपल्या कॅम्परच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, सिंकपाशी उभा होता. त्याने नळ उघडला आणि तोटीतून लख्ख गुलाबी पाणी वाहू लागले. "दादा, नळाला रोझ सरबत?" मी विचारले. तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "हे सरबत आहे असं समजून चुकीची बाटली ओतली, तर माणूस मरतो बरं का."

२/ त्या एका वाक्यामुळे मी या विषयात शिरले. हिवाळ्यापूर्वी फिरत्या घराच्या नळांतील पाणी काढून त्यात गुलाबी द्रव भरणे, हे वरवर पाहता यंत्रदुरुस्तीचे काम. परंतु त्यामागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. फुटलेल्या तोफगोळ्यांचा, फ्रेंच रसायनशास्त्राचा, अमेरिकेतील एका औषधी दुर्घटनेचा. आणि हा धागा शेवटी मुंबईच्या आणि नागपूरच्या रुग्णालयांपर्यंत येऊन पोहोचतो. #धागा

३/ प्रथम मूळ प्रश्न. बहुतेक पदार्थ गोठताना आकुंचन पावतात. पाणी मात्र उलट वागते. ४ अंश सेल्सिअसपर्यंत ते आकसते, त्याखाली पुन्हा पसरू लागते आणि बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फ पाण्यावर तरंगतो तो यामुळेच आणि थंड प्रदेशातील तळ्यांत मासे जगतात तेही यामुळेच. पण बंद नळीत अडकलेल्या पाण्याला पसरायला जागा कुठली?

४/ हा प्रश्न सतराव्या शतकात युरोपातील विद्वानांना फार मोहवीत होता. फ्लॉरेन्स येथे १६५७ साली स्थापन झालेल्या 'अकादेमिया देल चिमेंतो' या संस्थेच्या सदस्यांनी धातूची आणि काचेची बंद पात्रे पाण्याने भरून गोठवली. पात्रे फुटली. त्यांच्या प्रयोगांचा ग्रंथ १६६७ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडात रॉबर्ट बॉइल यांनी त्यापूर्वी दोनच वर्षे, १६६५ साली, थंडीवरील प्रयोगांचे स्वतंत्र पुस्तक काढले होते.

५/ त्याच सुमारास ख्रिस्तियान हायगेन्स यांनी बंदुकीची नळी पाण्याने भरून, तोंड घट्ट बंद करून ती थंडीत ठेवली. लोखंड तडकले. ज्या नळीत दारूचा स्फोट सामावतो, ती नळी निव्वळ पाण्याच्या गोठण्याने फुटावी, ही त्या काळच्या माणसाला अचंबित करणारी गोष्ट होती.

६/ याहून नाट्यमय प्रयोग कॅनडातील क्वेबेक येथे १७८४-८५च्या हिवाळ्यात झाला. ब्रिटिश तोफखान्यातील मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी पोकळ लोखंडी तोफगोळ्यांत पाणी भरले, भोकात लोखंडी खुंटी ठोकली आणि ते उघड्यावर ठेवले. एका गोळ्याची खुंटी चारशेहून अधिक फूट दूर उडाली. दुसऱ्याची खुंटी टिकली, तेव्हा गोळाच चिरला आणि फटीतून बर्फाचा पातळ पडदा बाहेर आला.

७/ विल्यम्सच्या गोळ्यांतून नळकारागिराला आजही उपयोगी पडेल असा एक धडा मिळतो : बर्फ सर्वांत दुबळी जागा शोधतो. खुंटी दुबळी असेल तर खुंटी जाते, ती मजबूत असेल तर भिंत जाते. बर्फाच्या या बळाचे मोजमाप पुढे झाले. पर्सी ब्रिजमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१२ साली उच्च दाबाखालील पाणी आणि बर्फ यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्ण बंदिस्त पाण्यात उणे २२ अंशांपर्यंत दाब वातावरणाच्या दोन हजार पटींवर जाऊ शकतो. त्यापुढे नळाच्या तोटीचा निभाव लागणे कठीणच.

८/ येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. नळी बहुधा बर्फ जमतो त्याच जागी फुटत नाही. मध्ये कुठेतरी बर्फाचे बूच तयार होते. ते वाढत वाढत पुढे सरकते आणि बूच व बंद तोटी यांच्यामध्ये सापडलेले, अजून न गोठलेले पाणी दाबले जाते. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून दाब झपाट्याने चढतो आणि नळी भलतीकडेच फुटते. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी १९९०च्या दशकात प्रयोगांनी हे दाखवून दिले. कडाक्याच्या थंडीत नळ किंचित वाहता ठेवावा, या जुन्या सल्ल्यामागचे शास्त्र हेच : दाबाला वाट मिळते.

९/ आता वाहनाकडे वळू. हौसेखातर फिरण्यासाठी मुद्दाम बांधलेले पहिले घोडागाडी-घर म्हणून 'वाँडरर'चे नाव घेतले जाते. नौदलातील निवृत्त डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ते १८८५ साली ब्रिस्टल येथे तयार झाले आणि त्याच वर्षी इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. या गाडीला नळयोजना नव्हती. पाणी भांड्यात असे आणि भांडे रिकामे केले की हिवाळ्याची तयारी संपली.

१०/ १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने 'टूरिंग लँडॉ' ही मोटार मांडली. मागची बैठक उलगडून पलंग होई, चालकाच्या आसनामागून घडीचे सिंक बाहेर येई. श्रीमंतांचे हे खेळणे होते, पण कल्पना रुजली : मोटारीत फक्त बसायचे नाही, राहायचेही.

११/ १९३०च्या दशकात मोटारीमागे जोडायच्या घरांची अमेरिकेत लाट आली. वॉली बायम यांच्या 'एअरस्ट्रीम' कंपनीने १९३६ साली विमानासारखी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची 'क्लिपर' बाजारात आणली. तिच्यात विजेचे दिवे, बंदिस्त स्वयंपाकघर आणि स्वतःचा पाणीसाठा होता. इतिहासाच्या दृष्टीने येथे एक उंबरठा ओलांडला गेला. पाणी आता भांड्यात नव्हते, ते वाहनाच्या अंगात शिरले होते.

१२/ दुसऱ्या महायुद्धानंतर हे अंग अधिकाधिक गुंतागुंतीचे झाले. १९५६च्या कायद्याने आंतरराज्यीय महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. गाड्यांत बॅटरीवर चालणारा पंप आला, गॅसवर पाणी तापवणारा गीझर आला, सांडपाण्याची एक आणि मैल्याची दुसरी टाकी आली. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील 'विनेबेगो' कंपनीने १९६६ साली मोटरहोमचे उत्पादन सुरू केले आणि ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली.

१३/ गंमत अशी की, विनेबेगोचे आयोवा काय किंवा या उद्योगाची राजधानी म्हणून ओळखले जाणारे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट काय, दोन्ही ठिकाणे गोठवणाऱ्या हिवाळ्याची. गाडी उन्हाळ्यात फिरते आणि हिवाळ्यात अंगणात, ऊब नसलेल्या जागी, महिनोन्महिने उभी राहते. राहत्या घराला निदान आतून ऊब असते. उभ्या गाडीच्या भिंती पातळ, नळ्या फरशीखालून गेलेल्या, आत माणूस नाही, शेगडी नाही. म्हणजे विल्यम्सचा तोफगोळाच जणू.

१४/ सुखसोय वाढली, त्याच मापाने जोखीमही वाढली. स्टेबल्सच्या भांड्याला बिघडायला काही नव्हते. आधुनिक गाडीत मात्र पंप, गीझर, गाळणी, स्नानाचा फवारा, बाहेरचा फवारा, शौचालयाची झडप आणि प्रत्येक सिंकखालचा वाकडा पाइप, इतक्या ठिकाणी वाटी-वाटी पाणी दबा धरून बसते. त्यांतील एक जागा विसरली तरी पुरे.

१५/ आणि विसरल्याचे लगेच कळत नाही, हे या प्रकारातले खरे दुखणे. जानेवारीत नळी चिरते, तेव्हा आतले पाणी बर्फ असते. ते गळत नाही. एप्रिलमध्ये मालक हौसेने पाणी जोडतो, पंप सुरू करतो आणि भिंतीआडून पाण्याची धार लागते. प्लायवूड भिजते, फरशी फुगते. घाव घातला पौषात, रक्त आले चैत्रात.

१६/ मग उपाय काय? पहिला उपाय सरळ आहे : पाणी काढून टाका. दुसरा असा की, जे पाणी निघत नाही त्याचा स्वभाव बदला. या दुसऱ्या उपायाचे तत्त्व आपल्या घरांतही वर्षानुवर्षे वापरले जात होते. लाकडी पॉटमध्ये हाताने फिरवून आइस्क्रीम करताना बर्फात जाडे मीठ घालत, ते आठवा. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळतो आणि ते खारे पाणी शून्याहून कितीतरी थंड असूनही गोठत नाही. त्या थंडीने आतले दूध मात्र गोठते.

१७/ या अनुभवाला नियमाचे रूप चार्ल्स ब्लॅग्डन यांनी दिले. ते काही काळ हेन्री कॅव्हेंडिश यांचे सहायक होते. १७८८ साली त्यांनी मांडले की, पाण्यात विरघळलेल्या क्षाराच्या प्रमाणात त्याचा गोठणबिंदू खाली जातो. पुढे १८८०च्या दशकात फ्रान्समधील फ्राँस्वा-मारी राउल्ट यांनी सेंद्रिय पदार्थांवर प्रयोग करून हा विचार विस्तारला. गोठणरोधक द्रवाचे, ज्याला जग 'अँटिफ्रीझ' म्हणते, तात्त्विक घर येथे बांधून झाले.

१८/ त्या घरात राहायला येणारी दोन भावंडे तोवर जन्मली होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ वुर्त्झ यांनी १८५६ साली इथिलीन ग्लायकॉल तयार केले आणि १८५९ साली प्रोपिलीन ग्लायकॉल. दोन्ही रंगहीन, दाटसर, गोडसर, पाण्यात सहज मिसळणारी. रेणूच्या रचनेत फरक एका कार्बनचा आणि त्याला चिकटलेल्या दोन हायड्रोजनांचा. या एवढ्याशा फरकाने पुढे जीवन आणि मरण यांची सीमा आखली. पण ते कळायला पाऊणशे वर्षे लागली.

१९/ मोटारी आल्या, तेव्हा त्यांच्या रेडिएटरमधील पाणी गोठू नये म्हणून लोकांनी नाना उपाय केले. क्षारांचे पाणी ओतले, तर धातू गंजला. मद्यार्क ओतला, तर इंजिनाच्या उष्णतेने तो उडून गेला. ग्लिसरीन महाग आणि दाट होते. १९२७ साली 'प्रेस्टोन' या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. ते उडून जात नसे, उकळतही उशिरा. काही वर्षांतच ते मोटारीच्या हिवाळ्याचे दुसरे नाव झाले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनांच्या शीतक द्रवातही तेच होते.

२०/ इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, हे आरंभी कोणाला ठाऊक नव्हते. ते ग्लिसरीनचे भावंड मानले जाई आणि ग्लिसरीन तर निरुपद्रवी. १९३०च्या सुमारास ते प्यायल्याने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. यकृत त्याचे रूपांतर करीत करीत ऑक्झॅलिक आम्लापर्यंत नेते. त्याचे कॅल्शियमशी स्फटिक बनतात आणि ते मूत्रपिंडात रुततात. प्रौढ माणसाच्या प्राणावर बेतायला सुमारे १०० मिलिलिटर पुरते, म्हणजे अर्धा कप चहाएवढे. आणि चव गोड!

२१/ त्याच घराण्यातील तिसरे भावंड म्हणजे डायइथिलीन ग्लायकॉल. १९३७च्या शरद ऋतूत अमेरिकेतील टेनेसी राज्यातील एस. ई. मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध द्रवरूपात विकायला काढले. औषध विरघळावे म्हणून तिच्या मुख्य रसायनज्ञाने द्रावक निवडला डायइथिलीन ग्लायकॉल. वर रास्पबेरीचा स्वाद. रंग, गंध, चव तपासली गेली. विषारीपणा तपासलाच गेला नाही. शंभरहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक लहान मुले होती.

२२/ यातील कायदेशीर तपशील इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारा आहे. विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध करण्याची सक्ती तेव्हा नव्हती. सरकारला कारवाईसाठी आधार मिळाला तो नावाचा. बाटलीवर 'एलिक्सर' लिहिले होते, एलिक्सर म्हणजे ज्यात मद्यार्क आहे ते, आणि या औषधात मद्यार्क नव्हता. म्हणजे गुन्हा ठरला तो विष विकण्याचा नव्हे, चुकीचे नाव लावण्याचा! पुढच्याच वर्षी, १९३८ साली, अमेरिकेत अन्न, औषध आणि प्रसाधन कायदा संमत झाला. नवे औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणे त्याने बंधनकारक केले.

२३/ ग्लायकॉल कुटुंबातले प्रोपिलीन ग्लायकॉल मात्र वेगळे निघाले. शरीर त्याचे रूपांतर मुख्यतः लॅक्टिक आम्लात करते, जे आपल्या स्नायूंतही नित्य तयार होत असते. अन्नपदार्थांत आणि औषधांत ठरावीक प्रमाणात वापरण्यास ते मान्यता पावले. त्यामुळे पिण्याचे पाणी जेथून वाहते अशा नळ्यांत घालायला योग्य असे हेच भावंड ठरले. दादाच्या तोटीतून वाहणारे गुलाबी पाणी म्हणजे त्याचेच पाण्यातले मिश्रण.

२४/ गुलाबी रंग हा रसायनाचा गुण नाही. तो मुद्दाम घातलेला आहे. मोटारीच्या इंजिनाचे शीतक पूर्वी सामान्यतः हिरवे असे, नळांचे गुलाबी. परंतु रंग ही केवळ प्रथा आहे, हमी नाही. आज इंजिनाची शीतकेही नारिंगी, लाल, गुलाबी अशा अनेक रंगांत मिळतात. म्हणून पाहायचे ते रंगाकडे नव्हे, बाटलीवरच्या घटकांकडे. 'अँटिफ्रीझ' हे एकच नाव दोन रसायनांना चिकटले आहे, आणि १९३७चा धडाही नेमका नावाचाच होता.

२५/ आता प्रत्यक्ष कृती पाहू. तिच्या प्रत्येक पायरीमागे वरचा इतिहास उभा आहे. आधी गीझर बंद करायचा आणि पाणी पूर्ण निवू द्यायचे. गरम आणि दाबाखालच्या टाकीचे बूच उघडणे म्हणजे अंगावर उकळते पाणी घेणे. मग दाब सोडून बूच काढायचे. ताज्या पाण्याची टाकी रिकामी करायची. सांडपाण्याच्या आणि मैल्याच्या टाक्या नेमून दिलेल्या जागीच ओतायच्या.

२६/ नंतर फरशीखालच्या सर्वांत खालच्या दोन तोट्या, एक गरम पाण्याच्या नळीची आणि एक थंड, उघडायच्या. त्याच वेळी आतले सगळे नळ उघडे हवेत. पाणी भरलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून धरले तर खालून पाणी गळत नाही. हवा आत येईल तेव्हाच पाणी बाहेर जाईल. गाळणीचा गाभा काढून ठेवायचा, कारण त्यात द्रव भरला तर तो वाया जातो.

२७/ मग गीझरला वळसा घालणारे व्हॉल्व्ह फिरवायचे. लहान गीझरची टाकीही सुमारे २३ लिटरची असते. वळसा न घालता द्रव भरला, तर तेवढा द्रव निव्वळ त्या टाकीत जिरतो. पंपाला आखूड नळी जोडून तिचे टोक गुलाबी द्रवाच्या कॅनमध्ये बुडवायचे आणि पंप सुरू करायचा. एकेक नळ उघडायचा : आधी गरम, मग थंड. पाणी गुलाबी झाले की बंद करायचा. शौचालय, स्नानाचा फवारा आणि हटकून विसरला जाणारा बाहेरचा फवारा. बहुतेक गाड्यांना ८ ते ११ लिटर द्रव पुरतो.

२८/ शेवटी प्रत्येक सिंकखालच्या वाकड्या पाइपात पेलाभर द्रव ओतायचा. त्या वाकात थोडे पाणी मुद्दामच ठेवलेले असते, टाकीची दुर्गंधी वर येऊ नये म्हणून. ते काढून टाकणे हा उपाय नाही. त्याची जागा न फोडणाऱ्या द्रवाने घेणे हा उपाय. काही जण द्रवाऐवजी दाबाची हवा सोडून नळ्या कोरड्या करतात. तेव्हा दाब मर्यादित ठेवावा लागतो, साधारण ४० ते ५० पीएसआय. नाहीतर बर्फाने करायचे काम आपणच करतो. वाकड्या पाइपांत द्रव मात्र तरीही ओतावाच लागतो.

२९/ बाटलीवरच्या आकड्याविषयीही सावध असावे. 'उणे ५० फॅरनहाइट', म्हणजे सुमारे उणे ४६ सेल्सिअस, हा आकडा पुष्कळ बाटल्यांवर असतो. त्याचा अर्थ तोवर द्रव गोठतच नाही असा नव्हे. तो कितीतरी आधी, मऊ बर्फाच्या लगद्यासारखा होऊ लागतो. पण लगदा सरकतो, घट्ट बूच करीत नाही, म्हणून नळी वाचते. आकडा नळी फुटण्याविषयीचा आहे, गोठण्याविषयीचा नाही. आणि नळीत उरलेल्या पाण्याने द्रव पातळ झाला, तर हे संरक्षणही घटते. म्हणून आधी पाणी काढणे महत्त्वाचे.

३०/ नळ्यांचे साहित्यही बदलत गेले. तांब्याच्या नळ्या गेल्या, पॉलिब्युटिलीनच्या आल्या. सांध्यांतून गळती होऊ लागल्याच्या तक्रारी आणि खटल्यांनंतर १९९०च्या दशकाच्या मध्यास त्याही मागे पडल्या. आज 'पेक्स' या लवचीक प्लॅस्टिकच्या नळ्या असतात. त्या गोठल्यावर थोड्या फुगून पूर्ववत होऊ शकतात. मात्र तोटी, पंपाचे डोके, व्हॉल्व्ह, सांधे तसे नसतात. विल्यम्सची खुंटी आठवते ना? दुबळी जागा फक्त बदलली, नाहीशी झाली नाही.

३१/ आता वचन दिल्याप्रमाणे धागा आपल्या दारी आणते. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार म्हणून ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १४ जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषधखरेदी व औषधनियंत्रणातील बेपर्वाई उघडी पाडली. टेनेसीतील त्या बाटलीनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, तेच रसायन, तेच मरण.

३२/ आणि ते तिथेही थांबले नाही. २०२२ साली गांबिया देशात खोकल्याच्या औषधाशी जोडलेल्या बालमृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. ती औषधे भारतात बनलेली होती. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात तसल्याच दूषित औषधाने २० हून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. अशा औषधांत द्रावक म्हणून घालायचे असते ते प्रोपिलीन ग्लायकॉल, दादाच्या नळातले निरुपद्रवी भावंड. औषधी दर्जाच्या द्रावकाऐवजी औद्योगिक दर्जाचा, न तपासलेला माल वापरला, की त्यातून विषारी भावंड आत शिरते.

३३/ म्हणूनच मला हा विषय क्षुल्लक वाटेनासा झाला. एका टोकाला सहलीच्या गाडीचा नळ आहे, दुसऱ्या टोकाला तापाने फणफणलेले मूल. दोन्हीकडे प्रश्न एकच : बाटलीत नेमके काय आहे, हे कोणी तपासले का? आपण इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे पाठ करतो. पण दर हिवाळ्यापूर्वी व्हॉल्व्ह फिरवणारा, बाटलीवरचे घटक वाचणारा, नमुना प्रयोगशाळेत पाठवणारा माणूस इतिहासात दिसत नाही. तो चुकला, तरच दिसतो.

३४/ दादाला मी हे सारे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "अगं, मी तर फक्त पाइप फुटू नये म्हणून करतो." मग क्षणभर थांबून त्याने गुलाबी कॅन कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्यावरची घटकांची ओळ मला वाचून दाखवली : प्रोपिलीन ग्लायकॉल. मार्चअखेर तो नळ्या स्वच्छ पाण्याने धुऊन काढील, सौम्य क्लोरीनने निर्जंतुक करील, पुन्हा धुवील, आणि मगच त्याची मुले त्या नळाचे पाणी पितील.

३५/ वाचकहो, परदेशात थंड प्रदेशात राहणारे आपले कोणी असेल, त्यांच्याकडे अशी गाडी किंवा हिवाळ्यात बंद राहणारे घर असेल, तर हा धागा त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा. आणि जे इथेच आहेत त्यांनी घरातली औषधाची बाटली उचलून एकदा तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. ती अक्षरे तिथे छापली जावीत यासाठी काहींनी आपल्या प्राणांची किंमत मोजली आहे. काही तपशील चुकला असल्यास जाणकारांनी दुरुस्त करावा. प्रश्न असतील तर खाली विचारावेत. #इतिहास #विज्ञानाचाइतिहास